परत येणारं माणूस

लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स हॉस्पिटलात १९५१ साली लॉरा नावाच्या एका लहान मुलीवर बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. मुलगी दोन वर्षं पाच महिन्यांची. शस्त्रक्रिया किरकोळ होती, ती नीट पार पडली आणि आठ दिवसांनी मुलगी घरी गेली. डॉक्टरांच्या दृष्टीनं यात नोंद घेण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्या आठ दिवसांत जेम्स रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश समाजकार्यकर्ता हातात छोटा कॅमेरा घेऊन तिच्या खाटेजवळ येत होता, आणि त्यानं जे टिपलं त्यानं पुढं जगभरातल्या मुलांच्या वॉर्डांचे नियम बदलायला लावले.

त्या काळी ब्रिटनमधल्या रुग्णालयांत आईवडिलांना मुलांना भेटायला फार थोडा वेळ मिळायचा. भेटून आई परत निघाली की मूल रडतं, त्याचं पाहून शेजारच्या खाटेवरचं रडतं, सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला जातो. म्हणून भेटीच कमी कराव्यात, असा सरळ हिशेब होता. मुलं पहिले एक-दोन दिवस रडतात, मग रुळतात, असं डॉक्टर आणि परिचारिका अगदी मनापासून सांगत. रॉबर्टसननं वॉर्डात तासन्‌तास बसून पाहिलेलं चित्र वेगळं होतं. मूल आधी आकांत करतं, मग हताश होऊन पडून राहतं आणि शेवटी अलिप्त होतं. या शेवटच्या अवस्थेलाच सगळे ‘रुळलं’ म्हणत होते. त्याचं म्हणणं कुणी मनावर घेईना, तेव्हा त्यानं कॅमेरा उचलला. सोयीची तेवढी दृश्यं निवडली असा आरोप होऊ नये म्हणून दिवसाच्या ठरावीक वेळांना चित्रण केलं आणि भिंतीवरचं घड्याळही चित्रात येऊ दिलं.

चित्रपटातली लॉरा फारशी रडत नाही. पाहणाऱ्याला तेच जड जातं. ती गप्प असते, सांगितलेलं ऐकते, मधूनच आई कुठं आहे ते विचारते, तिचा चेहरा क्षणभर कसनुसा होतो आणि ती लगेच स्वतःला आवरते. आठवा दिवस उजाडतो, आई न्यायला येते. लॉरा आईबरोबर निघते, पण आईचा हात धरत नाही.

हा चित्रपट १९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या सभेत दाखवला गेला, तेव्हा अनेक डॉक्टर रॉबर्टसनवर चिडले. त्यांना तो आपल्या पेशावरचा आरोप वाटला. पण सात वर्षांत वारं फिरलं. १९५९ साली प्लॅट समितीनं ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना मोकळेपणानं येऊ द्यावं, अशी शिफारस केली.

लॉरासारखा गप्पपणा आपल्याकडे गुण मानला जातो. पाहुण्यांसमोर मुलाचं कौतुक होतं ते बहुतेक वेळा असं: ‘फार गुणी आहे हो, हूं नाही की चूं नाही. ठेवलं तिथं बसून राहतं.’ काही मुलं स्वभावानंच शांत असतात, त्यात काळजीचं काही नाही. पण जे मूल काल-परवापर्यंत बडबडत होतं, हट्ट करत होतं आणि एकाएकी शहाण्यासारखं वागायला लागलं, त्याच्याकडे घरच्यांनी जरा निरखून पाहायला हवं. तीन वर्षांच्या मुलाला दुःख होतं, काळजी वाटते, शरम वाटते, हे मान्य करायला जगातल्या शहाण्यासुरत्या डॉक्टरांनाही एक चित्रपट पाहावा लागला होता. घरातली मोठी माणसं ‘त्याला काय कळतंय’ म्हणून विषय सोडून देतात, यात नवल नाही. त्याला बरंच कळतं. सांगता येत नाही, एवढंच.

लॉराच्या गोष्टीची एक छोटी आवृत्ती महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रोज सकाळी घडते. साडेआठ वाजलेले. आईची पर्स खांद्याला, चपला हातात. आजी दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. ‘ती बघ चिऊ आली, काय खातेय चिऊ?’ नातू चिऊ शोधेपर्यंत पुढचं दार हळूच ओढून घेतलेलं असतं. कडीचा आवाजही होऊ न देण्याची कसरत आईला सवयीनं जमलेली असते. मूल वळून बघतं तो आई नाही.

या युक्तीमागं माया असते. मुलाला रडवायचं नसतं, आणि त्याला रडताना पाहून घराबाहेर पडणं आईलाही सोसत नाही. पण मुलाच्या पदरात त्यातून जे पडतं ते भलतंच असतं: आई कुठल्याही क्षणी, न सांगता, नाहीशी होऊ शकते. मग ते संध्याकाळभर तिच्या ओढणीचं टोक सोडत नाही. ती न्हाणीघरात गेली की दाराशी बसून रडतं. रात्री झोपेत हात लांबवून ती आहे ना हे चाचपून पाहतं. घरचे म्हणतात, लाडावलंय. खरं तर ते पहारा देत असतं.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात युगांडातल्या खेड्यांमध्ये आणि पुढं अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आया आणि बाळं यांचं बारकाईनं निरीक्षण केलं. बाल्टिमोरमध्ये त्यांनी वर्षाच्या आसपासच्या मुलांसाठी एक छोटा प्रयोग बसवला. खेळण्यांनी भरलेली अनोळखी खोली, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. आई जाताना कोण किती रडलं, याच्यापेक्षा ती परत आल्यावर मूल काय करतं, हे पाहणं जास्त मोलाचं ठरलं. काही मुलं जाताना चांगली भोकाड पसरत, पण आई आली की तिच्याकडे झेपावत, कुशीत शिरत आणि दोन-चार मिनिटांत पुन्हा खेळायला जात. काही मुलं आलेल्या आईकडे पाहतच नसत. ती वरून शांत दिसली तरी आतून शांत नव्हती, हे पुढं त्यांच्या हृदयाचे ठोके मोजल्यावर कळलं. रडणं आणि सावरणं हे निकोप मनाचं लक्षण आहे. जाताना रडू आलं तर येऊ द्यावं, परत येण्याची खात्री मात्र पक्की असावी.

म्हणून चिऊ दाखवून पसार होण्यापेक्षा सांगून निघालेलं बरं. ‘आई ऑफिसला चालली. तू भात खाशील, गाई करशील, आजीबरोबर बागेत जाशील, मग आई येईल.’ दीड वर्षाच्या मुलाला ‘सहा वाजता’ म्हणजे काय ते समजत नाही. जेवण, झोप, बाग हा क्रम समजतो. ते रडेल. आजीनं किंवा आजोबांनी जवळ घ्यावं, ‘आई गेली ना, वाईट वाटलं’ एवढंच म्हणावं. रोज तोच निरोप, रोज तोच क्रम आणि रोज न चुकता येणारी आई. यातून काही आठवड्यांत मुलाचा पहारा सैल होतो.

शरीरानं घरात असलेलं माणूसही कधी कधी गेलेलं असतं. अमेरिकन संशोधक एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग याचाच. आई आणि काही महिन्यांचं बाळ समोरासमोर बसलेले. आधी आई नेहमीसारखी बोलते, हसते, बाळही हुंकार देतं. मग सांगितल्याप्रमाणे ती चेहरा निर्विकार करते. बाळाकडे बघत राहते, पण ना हसू, ना शब्द. बाळाला हा बदल काही क्षणांत जाणवतो. ते आधी हसून पाहतं, मग आवाज काढतं, हात पुढं करतं, सगळी अस्त्रं एकामागून एक वापरतं. कशाचाच उपयोग होत नाही तेव्हा मान फिरवतं, अंग आकसून घेतं, काही बाळं रडायला लागतात. हे सगळं दोन-तीन मिनिटांत.

मोबाइलमध्ये बुडालेला चेहरा पुष्कळदा असाच असतो. मूल ‘बाबा हे बघ, बाबा हे बघ’ करत असतं आणि वरून ‘हं, हं’ येत राहतं. मोठ्यांच्या मोबाइलवर बंदी घाला असं कुणी म्हणणार नाही. कामं त्यावरच चालतात. पण कामावरून आल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं, जेवणाची वेळ आणि झोपण्याआधीचा वेळ एवढे तीन तुकडे तरी मोकळे ठेवता येतात. मुलाला दिवसभर लक्ष नको असतं. आपण हाक मारली की समोरचा चेहरा आपल्याकडे वळतो, याची खात्री हवी असते.

ट्रॉनिक यांच्या कामाचा दुसरा भाग पालकांच्या कानावर फारसा जात नाही आणि खरा दिलासा त्याच भागात आहे. चांगल्या, प्रेमळ आया आणि त्यांची बाळं यांचे व्यवहार क्षणाक्षणानं तपासले तेव्हा असं दिसलं की दोघांचे सूर जुळलेले असण्याचा वेळ एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्केच असतो. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं यात जातो. बाळाला भूक लागलेली असते, आईला वाटतं झोप आली. ती थोपटते, ते किंचाळतं, मग तिच्या लक्षात येतं. असं तुटून पुन्हा जुळलं की बाळ एक मोठी गोष्ट शिकतं: बिघडलेलं नीट होतं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी याच अर्थानं परिपूर्ण आईऐवजी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. आदर्श पालक होण्याच्या धडपडीत स्वतःला रोज नापास करणाऱ्या आजच्या आईबापांनी ती जरूर जवळ करावी.

पण जुळवून घ्यायचं तर चुकलेल्या मोठ्या माणसाला पहिलं पाऊल टाकावं लागतं. आपल्या घरांत इथं गाडी अडते. मुलाची माफी मागायची म्हणजे धाक गेला, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ‘मघाशी मी फार जोरात ओरडलो. मला राग आला होता, पण तसं ओरडायला नको होतं’ असं बापानं चार वर्षांच्या मुलीजवळ बसून म्हटलं की तिला दोन गोष्टी कळतात. बाबाचा राग संपतो, आणि चूक झाली की ती कबूल करता येते. हे शिकवायला दुसरा कुठलाही सोपा मार्ग नाही.

मूल शब्दावर विश्वास ठेवायला कसं शिकतं, याचा एक सुरेख प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात झाला. तो समजण्यासाठी त्याच्या आधीचा प्रसिद्ध प्रयोग आठवायला हवा. स्टॅनफर्डचे वॉल्टर मिशेल मुलासमोर एक मार्शमेलो, म्हणजे एक मऊ गोड वडी, ठेवत आणि सांगत, ‘मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील.’ थांबणाऱ्या मुलांना संयमी ठरवून त्यांच्या भविष्याबद्दल पुढं पुष्कळ लिहिलं गेलं. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्र काढायला बसवलं. समोर जुने, वापरलेले खडू. संशोधक म्हणे, ‘थांब, मी याहून छान खडू आणते.’ निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. उरलेल्या निम्म्यांसमोर ती रिकाम्या हातानं परत आली, ‘अरे, नाहीयेत वाटतं.’ स्टिकरच्या बाबतीतही तसंच केलं. त्यानंतर वडीचा प्रयोग. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांचा विश्वास दोनदा मोडला होता, ती सरासरी तीन मिनिटं. पंधरा मिनिटांचा पूर्ण वेळ पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ मुलांनी काढला, दुसऱ्या गटातल्या फक्त एकानं.

अधीर म्हणून ज्याला आपण रागावतो, ते मूल कदाचित अगदी हिशेबी असतं. नंतर मिळेल म्हणतात आणि मिळत नाही, हे त्याला अनुभवानं माहीत झालेलं असतं. ‘उद्या नक्की बागेत जाऊ’, ‘इंजेक्शन मुळीच दुखत नाही’, ‘आता गप्प बस, मग चॉकलेट देते’ ही वाक्यं आपण श्वास घ्यावा इतक्या सहज बोलतो. इंजेक्शन दुखतं. ‘थोडं टोचेल, तू माझा हात घट्ट धर, मग थांबेल’ असं सांगितलेलं मूल रडतं, पण पुढच्या वेळी त्या सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतं.

खोट्या आश्वासनांइतक्याच खोट्या धमक्याही आपल्याकडे भरपूर. जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल. पोलिसाला बोलवू का? तुला इथंच सोडून आम्ही चाललो. आणि सगळ्यांत क्रूर, तरीही हसत हसत सांगितली जाणारी थट्टा: ‘तू काय आमची नाहीस, तुला बोहारणीकडून जुन्या साड्या देऊन घेतलंय.’ मोठ्यांना हसू येतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला थट्टा आणि खरं यांतली सीमारेषा अजून नीट दिसत नसते. सोडून जाण्याची धमकी त्याला शब्दशः खरी वाटते. ही थट्टा घरातून कायमची हद्दपार व्हायला हवी. तशीच दुसरी, धाकटं भावंड येणार असलं की शेजारणीपाजारणी हमखास ऐकवतात ती: ‘आता तुझे लाड बंद हं.’ आधीच धास्तावलेल्या मुलाला ती धास्ती खरी असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. मग मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरुणात शू करायला लागलं, बोबडं बोलायला लागलं, भरवून मागायला लागलं तर त्यात त्याचा काही दोष नाही. रोज थोडा वेळ त्याचा एकट्याचा राखून ठेवला तर ते हळूहळू ताळ्यावर येतं.

आता रागाबद्दल. समजा, डोंबिवलीतली एक इमारत, संध्याकाळचे सात. बाबा एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात बालवाडीतलं दप्तर घेऊन लिफ्टमध्ये शिरतो आणि सवयीनं चौथ्या मजल्याचं बटण दाबतो. साडेतीन वर्षांची मुलगी जमिनीवर लोळण घेते. ‘मला दाबायचं होतं!’ आतले दोघे शेजारी छताकडे पाहू लागतात. बाबाला घाम फुटतो. बटणासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी एवढा तमाशा?

तिच्या दिवसात मात्र बटण क्षुल्लक नसतं. सकाळी उठवलं दुसऱ्यांनी, कपडे ठरवले दुसऱ्यांनी, डब्यात काय ते ठरवलं दुसऱ्यांनी. दिवसभरात तिच्या सत्तेतली जी एक गोष्ट होती, ती गेली. शिवाय भूक लागलेली, झोप आलेली. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. साडेतीनव्या वर्षी तो जेमतेम कामाला लागलेला असतो. अशा वेळी उपदेश कानात शिरत नाही. बाबानं खाली बसून ‘तुला बटण दाबायचं होतं आणि मी दाबलं. राग आला तुला’ असं शांतपणे म्हणणं, ती थोडी निवल्यावर ‘उद्या तू दाब’ असं ठरवणं आणि उद्या ते लक्षात ठेवून पिशव्या खाली ठेवणं, एवढं पुरतं. भावनेला नाव मिळालं की ती थोडी आवाक्यात येते. मोठ्या माणसांच्या मेंदूचं चित्रण करून झालेल्या अभ्यासांतही, भावना शब्दांत मांडल्यावर मेंदूतल्या धोक्याच्या केंद्राची हालचाल मंदावलेली दिसली आहे. मुलांना हे शब्द आपणच पुरवायचे. हिरमुसलास का? भेदरलीस का? ताईचा हेवा वाटला का? भावना सगळ्या चालतील. कृती सगळ्या चालणार नाहीत. राग येऊ दे, पण चावायचं नाही, हे ठामपणे सांगताही येतं आणि हात धरून थांबवताही येतं.

हात उगारून मात्र नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पाच दशकांतले ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १,६०,००० हून अधिक मुलांची माहिती होती. चापट्या खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा, मानसिक त्रास आणि आईवडिलांशी ताणलेले संबंध अधिक आढळले. फायदा असा एकही दिसला नाही. ‘आम्ही नाही का मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मार खाऊनही माणसं चांगली निघतात हे खरं, पण ती निघतात त्यांच्या वाट्याला आलेल्या मायेमुळं. स्वीडननं १९७९ साली घरातल्या मारावरही कायद्यानं बंदी घातली आणि लोकांना ते कळावं म्हणून दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. घरात काय व्हावं ते अजून घरातल्यांवर सोडलेलं आहे.

मुलाच्या मनाला बळ मिळतं ते खेळातून. जमैकाची राजधानी किंग्स्टन इथं १९८६-८७ मध्ये सुरू झालेला एक प्रयोग गरीब घरांतल्या, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर झाला. मुलं ९ ते २४ महिन्यांची. संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आरोग्यसेविका पाठवल्या, काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. सेविका दोन वर्षं, आठवड्यातून तासभर येई आणि आईला मुलाशी कसं खेळावं, बोलावं ते दाखवी. खेळणी घरीच केलेली, रिकाम्या बाटल्या आणि खोक्यांची. आहाराचा परिणाम काळाबरोबर ओसरला. खेळाचा टिकला. सतरा-अठराव्या वर्षी खेळ मिळालेल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य कमी होतं, स्वतःविषयीचं मत चांगलं होतं. विशीत त्यांची कमाई खेळ न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. आठवड्याचा एक तास आणि टाकाऊ बाटल्या!

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघ यांच्या साथीनं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात महागड्या साहित्याला जागा नव्हती. शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरांमागं जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. मुलाचा कल पाहून त्याच्यामागून जाणं हे तिथलं सूत्र होतं आणि घरातही तेच लागू पडतं. शेंगा सोलणं, कणकेचा गोळा थापणं, रुमालांच्या घड्या करणं यांत चार वर्षांचं मूल अर्धा तास रमतं आणि आपण घराच्या उपयोगी आहोत हे सुख त्याला मिळतं. घड्या वाकड्या पडतील. त्या त्याच्यासमोर पुन्हा घालू नयेत.

मोबाइल-टीव्हीच्या पडद्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं ते थोडक्यात असं: दोन वर्षांच्या आत शक्यतो पडदा नकोच, दोन ते चार वर्षं या वयात दिवसाला एका तासाहून जास्त नको, तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. घास भरवताना समोर मोबाइल धरण्याची सवय आधी सोडावी, कारण तिथं मुलाची भूक आणि समोरचा चेहरा दोन्ही हरवतात.

इथवर ‘आई, आई’ पुष्कळदा आलं आणि ते अपुरं आहे. रॉबर्टसनचे सहकारी जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालामुळं मुलाच्या मनाकडे जगाचं लक्ष वेधलं, पण सगळं ओझं आईच्या डोक्यावर पडलं. हवाई बेटांपैकी काउआई बेटावरच्या अभ्यासानं चित्र पुरं केलं. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी तिथं १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग त्यांच्या चाळिशीपर्यंत घेतला. गरिबी, व्यसनी किंवा आजारी पालक, मोडलेलं घर अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची, कर्तबगार निघाली. त्यांच्यात एक समान गोष्ट होती. लहानपणी त्यांना निदान एक भरवशाचं माणूस मिळालं होतं: कुणाला आजी, कुणाला मावशी, कुणाला मोठी बहीण, कुणाला शिक्षक. आत्या, काका, आजोबा, पाळणाघरातल्या मावशी ही सगळी मुलाच्या मनाची पुंजी आहे.

आणि त्या माणसाचं स्वतःचं मन? विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका रुग्णालयात येणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे आकडे असे: बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं ही त्यामागची मोठी कारणं. पुढच्या वर्षी याच गटानं दाखवून दिलं की अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाला, उंचीला आणि बौद्धिक वाढीलाही मागं पडत होती. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं मिळतं. तिला बरं वाटतंय का, हे विचारायचं राहून जातं. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती रडवेली, निजेला पारखी, बाळाबद्दल निरुत्साही दिसली तर ‘बाळंतपणात होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये. नवऱ्यानं रात्रीची एक पाळी घ्यावी, सासूनं टोमणा गिळावा आणि घरच्यांनी तिला डॉक्टरकडे न्यावं. बाळाच्या मनाची काळजी इथूनच सुरू होते.

काही वेळा घरच्या मायेपलीकडची मदत लागते. मूल नावानं हाक मारूनही पाहत नाही, नजर देत नाही, आलेले शब्द गमावतं, खेळणंच सोडतं, आठवडे उलटले तरी झोप आणि जेवण ताळ्यावर येत नाही, स्वतःला इजा करतं. यांपैकी काही दिसलं तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ अशा समजुतींवर महिने घालवू नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतात आणि गरज असेल तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. अंगणवाडीताईंना तसं विचारावं. ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही. हा फोन मुलाबद्दल विचारायला करता येतो, तसाच थकलेल्या आईला, चिडचिड अनावर झालेल्या बापाला किंवा नातवंड सांभाळून मेटाकुटीला आलेल्या आजीला स्वतःसाठीही करता येतो. तो क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालून ठेवावा.